पहिल्या पेटीची घाई आणि वलाटीचा आंबा

वाशीच्या बाजार समितीत हापूसच्या पहिल्या पेटीची पूजा होते, भाव फुटतो, फोटो छापून येतात. ती पेटी बहुधा देवगडची नाहीतर रत्नागिरीच्या किनारपट्टीची असते. संगमेश्वरच्या बागेत तेव्हा मोहोराचाही पत्ता नसतो. आणि तरी आंबा लवकर यावा याची खरी निकड संगमेश्वरलाच आहे.

संगमेश्वर तालुका वलाटीतला, म्हणजे समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडचा. किनाऱ्यालगतच्या खलाटीपेक्षा इथलं फळ उशिरा तयार होतं. देवरुख-साखरप्याकडे काढणी रंगात येते तोवर वळवाचा पाऊस दारात असतो. पाऊस पडला की फळमाशी वाढते, फळ डागी होतं आणि पेटीचा आंबा कॅनिंगच्या ढिगात जातो. खलाटीत लवकर आंबा म्हणजे चढा भाव. वलाटीत दोन-तीन आठवडे हाती लागले तर पीकच वाचतं.

जगभर ब्लूबेरीवाल्यांचीही हीच धडपड आहे. स्पेनच्या उएल्वा प्रांतात आणि अमेरिकेत लोखंडी कमानींवर प्लास्टिक ताणून माणूस सहज चालेल एवढे उंच बोगदे उभारतात. शेगडी नाही, हीटर नाही. उन्हाची ऊब आत साठते, झुडपं लवकर फुलतात, वर फळावर पाऊस पडत नाही. दुपारी बाजूचं प्लास्टिक गुंडाळून वारा आत घेतात. ब्लूबेरीच इथे लावावी म्हटलं, तर तिला 4.5 ते 5.5 सामूची आम्लधर्मी माती लागते. कोकणची जांभ्याची जमीनही आम्लधर्मीच. पण या झुडपाला लागणारी हिवाळ्यातली थंडी इथे नाही. आणि हापूसच्या जुन्या, पसरलेल्या झाडावर बोगदा बांधणार कोण?

कोकणाने लवकर फळाची वाट मातीतून काढली: पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बागायतदारांचं ‘कल्टार’. हे औषध झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संजीवक रोखतं. पालवीचा जोर ओसरतो आणि मोहोर लवकर, भरगच्च येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पद्धत नेमकी आहे. झाड निरोगी आणि दहा वर्षांवरचं हवं. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याखालचं तण काढायचं. बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध गोलाकार 25 ते 30 भोकं पाडायची, 10 ते 12 सेंटिमीटर खोल. विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिलिलिटर औषध पाण्यात मिसळून प्रत्येक भोकात सारखं ओतायचं.

मात्र लवकर फुललेल्या झाडाला खायलाही घालावं लागतं. दहा वर्षांच्या कलमाला वर्षाला 50 किलो शेणखत आणि दीड किलो नत्र लागतं. कल्टार घातलेल्या झाडाचं याहून कमीत भागत नाही. बिघडतं ते इथेच. कितीतरी बागा मालकाच्या हातात नसतात, कराराने दिलेल्या असतात. करारदाराला यंदाचा हंगाम काढायचा असतो. मात्रा वाढते, खत राहून जातं. औषधाचा अंश मातीत दीर्घकाळ टिकतो. पालवी आखूड, खुजी येऊ लागते, झाड थकतं. करारदार दुसरी बाग बघतो, थकलेलं झाड मालकाच्या पदरी पडतं.

म्हणून औषध सरसकट वाईट ठरत नाही. वलाटीतल्या सशक्त कलमांना मोजून दिलेलं कल्टार पावसाआधी फळ उतरवून देऊ शकतं. जोडीला कागदी पिशव्या आणि विद्यापीठाचा फळमाशीसाठीचा ‘रक्षक’ सापळा हवा. फळ गोटीहून मोठं झाल्यावर पिशवी चढवली की फळमाशी दूर राहते आणि सालीवर डाग पडत नाही. उशिराच राहणाऱ्या झाडांसाठी तर हाच उपाय आधी करावा. तो झाडाकडून पुढच्या वर्षाचं काही उसनं मागत नाही.

बाग कराराने देणाऱ्यांनी एवढं तरी करावं: औषधाची मात्रा, झाडांची संख्या आणि शेणखताचा वाटा करारपत्रात लिहून घ्यावा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भोकं पाडली जातील तेव्हा स्वतः बागेत हजर राहावं.