विसर्गाच्या जागी अपूर्णविराम

जुन्या मजकुराच्या फायली ई-पुस्तकासाठी आल्या की मी आधी विसर्ग तपासते. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात, पण पहिल्यात अपूर्णविराम आहे आणि दुसऱ्यात खरा विसर्ग. इन्स्क्रिप्ट कळफलकावर विसर्ग शिफ्ट दाबून हायफनच्या कळीवर मिळतो. हे ठाऊक नसलं की बोट अपूर्णविरामाकडे जातं. वाचताना काही अडत नाही, शोधताना अडतं. ‘दुःख’ शोधलं तर ‘दु:ख’ हाती लागत नाही आणि शब्दसूचीत एकच शब्द दोन जागी पडतो.

सगळेच अपूर्णविराम सरसकट बदलले तर ‘१०:३०’ बिघडतं. म्हणून रेजेक्स. त्यात नेमका शब्द न देता अक्षरांचा साचा देता येतो: दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असलेला अपूर्णविराम. पण देवनागरी म्हणजे कुठून कुठपर्यंत? युनिकोडच्या पट्ट्यात अक्षरं, काना-मात्रा, दंड आणि अंक असे ओळीने बसले आहेत. नुसतं [क-ह] घेतलं तर ‘दु’चा उकार बाहेर राहतो आणि ‘दु:ख’ निसटतं. अख्खा पट्टा घेतला तर अंक आत येतात. पट्टा दंडाच्या अलीकडे तोडावा लागतो.

साचा जमला तरी लगेच बदलायचं नाही. आधी ग्रेप. केन थॉम्पसन यांचं हे साधन १९७३पासून युनिक्समध्ये आहे, आणि ते फक्त दाखवतं, फायलीला हात लावत नाही. सापडलेले शब्द सुटे काढून, क्रमाने लावून, प्रत्येक एकदाच वाचायचा. अंत:करण, मन:स्थिती, अध:पतन, स्वत:ला... आणि मधूनच ‘स्थळ:पुणे’, किंवा नाटकाच्या उताऱ्यातलं ‘आई:थांब’. ही यादी वाचणं हेच खरं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

शब्दाच्या शेवटचा विसर्ग जास्त अवघड. ‘विशेषत:’, ‘मुख्यत:’ पाहून ‘त’नंतरचा प्रत्येक अपूर्णविराम बदलावासा वाटतो, पण गाण्यांच्या श्रेयनामावलीत ‘गीत:’, ‘संगीत:’ असतात. तिथे साचा नकोच. अत:, स्वत:, वस्तुत:, प्राय: अशी शब्दांची यादीच द्यावी.

त्यातला ‘प्राय:’ही ‘अभिप्राय:’मध्ये दडलेला असतो. शब्दाची सीमा ओळखणारं चिन्ह लावून तो टळेल असं वाटतं, पण पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये वेलांटी, काना ही शब्दातली अक्षरं धरली जात नाहीत. त्यामुळे ‘भि’ची वेलांटी संपताच त्याला नवा शब्द सुरू झालासा वाटतो आणि ‘अभिप्राय’चा शेवट विसर्गाने होतो. मराठीसाठी ही सीमा स्वतः लिहावी: मागे देवनागरीतलं काहीही नको, अक्षर नको, मात्राही नको.

मग फोल्डरची प्रत काढून बदल त्या प्रतीवरच करायचा आणि डिफ लावून जुन्या-नव्या ओळी समोरासमोर पाहायच्या. शेवटी उलटा शोध घ्यायचा: आता विसर्ग असलेले सगळे शब्द काढायचे. ‘संगीतः’ चुकून झालंच असेल तर ते या यादीत लगेच दिसतं. नाटकाचा उतारा मात्र मी यंत्रावर सोडत नाही. तो ओळीओळीने हातानेच दुरुस्त करते.