वळूला एकूण गुण किती?

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याचा सौदा होताना जरूर बघावा. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघतं, चारी पायांवरून हात फिरवतं, रेवाल चाल चालवून घेतं आणि मग अंगावरचे केसांचे भोवरे शोधू लागतं. गळ्यावर ‘देवमण’ सापडला की रक्कम चढते. भलत्या जागी भोवरा निघाला तर धडधाकट घोडासुद्धा दावणीलाच राहतो. दात, पाय, चाल, भोवरा या सगळ्याचा मिळून शेवटी रुपयांतला एकच आकडा निघतो.

अमेरिकेत मांसासाठी अँगस गुरं पाळणारे हेच करतात, पण गणिताने. त्यांच्या वळूंच्या यादीत नावापुढे चक्क डॉलरचा आकडा छापलेला असतो. या वळूची पैदास दुसऱ्या वळूच्या पैदाशीपेक्षा दर जनावरामागे किती जास्त कमावून देईल, याचा तो अंदाज. शास्त्रात त्याला ‘निवड निर्देशांक’ म्हणतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ आली, तेव्हापासून आपल्याकडेही ‘आता डीएनए तपासला की फायद्याचं जनावर हाती’ असा सूर लागला आहे. त्या सुराबद्दल पुढे बोलू.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे डॉलरवाला वळू आपल्या कामाचा नाही. (गंमत अशी, की अमेरिकेच्या उष्ण राज्यांत मांसासाठी पाळतात ती ब्राह्मन गुरं गीर, काँक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांच्या रक्तातून घडली.) सारंगखेड्याच्या नंदुरबार जिल्ह्यात मांस म्हणजे मुख्यतः बोकड आणि कोंबडी. गणित मात्र तेच लागू पडतं.

जनावर निवडायच्या तीन रीती. एक, आधी काही पिढ्या फक्त वजन सुधारायचं, मग दूध, मग काटकपणा. दुसरी, प्रत्येक विषयात पस्तीस मार्क हवेतच. एकात नापास तो नापास. तिसरी, एकूण गुण बघायचे, म्हणजे गणितात कच्चा असलेला मुलगा मराठीच्या जोरावर पुढे जाऊ शकतो. आयोवातले लॅनॉय हेझल आणि त्यांचे गुरू जे. एल. लश यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं, की तिसरी रीत बाकी दोन्हींपेक्षा सरस ठरते आणि पहिली सगळ्यात मागे पडते. पुढच्याच वर्षी हेझल यांनी ‘एकूण’ कसं काढायचं याचं सूत्र दिलं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: प्रत्येक गुणाला बाजारात किती पैसे, तो गुण बापाकडून पिलात किती उतरतो, आणि एक गुण ओढला की दुसरा कुठे सरकतो. वजन वाढवत गेलं की जन्मताच वासरू मोठं निघतं आणि गाय अडते. तिसरी गोष्ट विसरली की हा फटका बसतो. हेझल नुसते कागदावरचे गृहस्थ नव्हते. जिवंत डुकराच्या पाठीला बारीक चीर देऊन धातूची पट्टी आत सरकवायची आणि चरबीची जाडी मोजायची, ही युक्ती १९५२ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्यांपैकी ते एक.

ही कथा पुष्कळदा हेझलपासून सुरू केली जाते. खरं मूळ १९३६ चं. रोनाल्ड फिशर यांनी आयरिसच्या फुलांवरून अनेक मापांचा मिळून एकच आकडा काढणारं ‘विभेदक फलन’ मांडलं, आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात फेअरफील्ड स्मिथ यांनी तीच कल्पना रोपांच्या निवडीला लावली. तिला १९४६ मध्ये कोंबड्यांवर उतरवलं ते आपल्या व्ही. जी. पानसे यांनी! इंदूरच्या संस्थेत कपाशीच्या संकरांवर संख्याशास्त्र चालवणारा हा माणूस. कृषी पदवीधरांच्या कपाटात ‘पानसे–सुखात्मे’ हे १९५४ चं जाडजूड पुस्तक असतं. प्रयोगाची आखणी शिकायला सगळे ते उघडतात. पण जगाने निर्देशांकाचं तंत्र नुकतंच हाती घेतलं होतं, तेव्हा पानसे कोंबड्यांचा असा हिशेब मांडत होते, हे किती जणांच्या कानावर येतं? नंदुरबारमधल्याच नवापूरच्या पोल्ट्रीचं नाव बाहेर निघतं ते २००६ आणि २०२१ च्या बर्ड फ्लूमुळे. तिथल्या शेडमधली अंड्यांची कोंबडी मात्र अंड्यांची संख्या, आकार, खाद्य, जगणं या सगळ्याच्या निर्देशांकावर पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या रक्ताची असते. पानसे त्या वाटेवरच्या पहिल्या काही वाटसरूंपैकी एक.

आता सूत्रातल्या पहिल्या गोष्टीकडे, पैशाकडे वळू. समजा, पहिल्या बोकडाची करडं सहा महिन्यांत सरासरीपेक्षा दोन किलो जास्त भरतात. किलोला तीनशे रुपये धरले तर करडामागे सहाशे. दुसऱ्याची करडं वजनाला सरासरीच, पण शंभरात दहा जास्त जगतात. करडू तीन हजाराचं धरलं, तर करडामागे तीनशे. पहिला जिंकला. पण ते दोन किलो पेंड आणि मका चारल्यावरच दिसणार असतील आणि त्या खुराकाला चारशे लागत असतील, तर पहिल्याकडे उरले दोनशे. शहाद्याच्या बागायतदाराला हा खुराक घरच्या शेतातून जवळपास फुकट पडत असेल, तर त्याच्याकडे पहिलाच पुढे. धडगावच्या डोंगरात शेळी दिवसभर झाडपाल्यावर चरते. तिथे दुसरा बोकड जिंकतो. रक्त तेच, गणित तेच, फक्त वही बदलली. म्हणून बाहेरून आयता आणलेला निर्देशांक म्हणजे दुसऱ्याच्या घरचा जमाखर्च.

फलटणच्या निंबकर संस्थेचं काम मला त्यासाठी मोलाचं वाटतं. सुंदरबनच्या इवल्याशा गरोळे मेंढीत जुळी-तिळी देणारा एक जनुक आहे. तो दख्खनी मेंढीत आणून त्यांनी ‘नारी सुवर्णा’ घडवली. पण नुसतं ‘जास्त कोकरं’ म्हणून ते थांबले नाहीत. मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपात तिसऱ्या कोकराला आईचं दूध पुरत नाही. त्यामुळे मेंढपाळाच्या वाड्यावर जुळं किती पैशाचं, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्रश्नाइतकाच मोठा मानला.

आता गौचिपसारख्या चिपचं म्हणाल तर ती डीएनएतल्या हजारो खुणा वाचते. कोणती खूण किती किलोची, किती लिटरची, हे तिला आधी मोजमाप झालेल्या जनावरांवरून शिकवावं लागतं. हजारो जनावरांची वजनं, वेतं, मरतूक कुणीतरी वहीत लिहिलेली नसतील, तर चिप वाचेल सगळं आणि सांगेल थोडंच. शेळ्यांचं असं मोजमाप फलटणला उस्मानाबादी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी जातीवर चालतं: कानात बिल्ला, जन्माचं वजन, मग दर तीन महिन्यांनी काटा.

सातपुड्यात पहिली अडचण बापाची. सगळ्यांच्या शेळ्या एकत्र चरतात, तेव्हा करडू कोणत्या बोकडाचं हे कोण सांगणार? दुसरी अडचण त्याहून वाईट. जो बोकड झपाट्याने भरतो तो बकरी ईदला किंवा घरात पैशाची नड निघाली की सगळ्यात आधी विकला जातो. मागे राहतो तो किरकोळ अंगाचा, आणि पाड्यावरच्या शेळ्या त्याच्याकडूनच फळतात. निवड चालू आहेच, पण उलट्या दिशेने. चिप येईल तेव्हा येईल. तोवर एखाद्या पाड्याने वर्गणी काढून सहा महिन्यांचा सगळ्यात भारी बोकड बाजारभावाने मालकाकडून विकत घ्यावा, दोन वर्षं कळपात ठेवावा आणि बाकीचे बोकड वेळेवर खच्ची करावेत. म्हणजे करडांचा बाप कोण हेही कळेल, आणि एक स्प्रिंगचा काटा टांगला की वजनाची वहीही सुरू होईल.