टाकी, वीजबिल आणि महागाईचा आकडा

दर उतरला, किंमत नाही

एप्रिल २०२२ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता, आठ वर्षांतला सर्वांत जास्त. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच दर ०.२५ टक्क्यावर आला. ‘महागाई घटली’ अशी बातमी आली आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला : मग महिन्याचा किराणा जुन्या पैशांत का येत नाही?

हा दर फक्त एवढेच सांगतो की वर्षभरापूर्वीच्या तुलनेत किमती किती वाढल्या. शंभर रुपयांची वस्तू ७ टक्क्यांनी महागली की १०७ ची होते. पुढच्या वर्षी दर ४ टक्क्यांवर आला तरी ती १११ च्या पुढे जाते, आणि त्यानंतर दर शून्यावर आला तरी १११ वरच राहते. २०२५ मध्ये भाज्या आणि डाळी खरोखर उतरल्या होत्या, हे खरे. पण घरभाडे, शाळेची फी, दवाखाना, बसभाडे यांतले काहीच जुन्या भावावर परतले नाही. आकडा खोटा नसतो. आपण त्याला जे विचारतो त्याचे उत्तर त्याच्याकडे नसते.

इंधन किराण्यातूनही घरात शिरते

२०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढल्या जाणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात ‘इंधन आणि प्रकाश’ या गटाचे वजन अवघे ६.८४ टक्के होते. त्यावरून वाटावे की गॅस आणि वीज हा संसारातला किरकोळ खर्च आहे. प्रत्यक्षात डिझेल भाजीच्या टेम्पोत जळते, दुधाच्या टँकरमध्ये जळते, शेतातल्या ट्रॅक्टरमध्ये जळते. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. हे सगळे निर्देशांकात ‘अन्न’ म्हणून मोजले जाते.

भारत ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि एप्रिलपर्यंत मुंबईत पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या वर गेले. सूर्यफूल तेलाचा मोठा पुरवठा त्याच दोन देशांतून होत असल्याने फोडणीही महागली. त्यातच इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून जवळजवळ महिनाभर पामतेलाची निर्यात बंद ठेवली. केंद्राने मे महिन्यात आणि राज्याने जुलैमध्ये कर कमी केल्यावर मुंबईतले पेट्रोल १०६ रुपयांपर्यंत खाली आले. पण मधल्या काळात वाढलेले दर तसेच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २१ वरून २३ रुपये झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६. त्याच्या काही दिवस आधी, २५ जानेवारीला, एसटीने १४.९५ टक्के भाडेवाढ केली होती. गावाहून तालुक्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या घरात ही वाढ म्हणजेही इंधनाचा खर्चच.

टाकी

घरगुती गॅसची १४.२ किलोची टाकी नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत ५९४ रुपयांना होती. मार्च २०२३ मध्ये ती ११०२.५० रुपयांवर गेली. याच काळात बहुतेक ग्राहकांच्या खात्यात जमा होणारे अनुदान जवळपास बंद झालेले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपये कमी झाले, एप्रिल २०२५ मध्ये ५० पुन्हा वाढले.

मध्यमवर्गीय घरात याचा परिणाम कुरकुरीपुरता. खरा परिणाम पाहायचा तर उज्ज्वला योजनेतल्या घरांकडे पाहावे. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेने कोट्यवधी घरांत शेगडी पोहोचवली, हे मोठे काम आहे. पण २०२२-२३ मध्ये या ग्राहकांनी वर्षभरात भरून घेतलेल्या टाक्यांची सरासरी चारच्या आत होती. पूर्ण स्वयंपाक गॅसवर होत असेल तर चार-पाच माणसांच्या घरात एक टाकी साधारण महिना-दीड महिना पुरते. उरलेला स्वयंपाक कशावर होतो? चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, ही वाटणी आपल्याकडच्या खेड्यांत नवी नाही. सरपण आणायला जाणाऱ्या बाईचे तास आणि धुराने चुरचुरणारे तिचे डोळे कोणत्याही निर्देशांकात येत नाहीत. टाकी महाग झाली की घराचा खर्च वाढलेला दिसत नाही, कारण ती फरकाची रक्कम बाई अंगमेहनतीने भरते. महागाईविषयीच्या चर्चेत ही गोष्ट इतकी क्वचित निघते, याचे मला वाईट वाटते.

शहरात कामासाठी आलेल्या मजुरांची गत वेगळी. पत्त्याचा पुरावा नसेल तर पाच किलोची छोटी टाकी मिळते, पण ती विनाअनुदानित आणि किलोमागे घरगुती टाकीपेक्षा महाग. हातगाडीवरचा वडापाव तर १९ किलोच्या व्यावसायिक टाकीवर तळला जातो. तिच्यावर घरगुतीसारखा ५ नव्हे, १८ टक्के जीएसटी असतो आणि तिचा भाव साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो.

वीजबिल कसे वाचावे

महावितरणच्या घरगुती बिलात वापराचे टप्पे असतात : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिले शंभर युनिट सर्वांना स्वस्त दरानेच लागतात, वरच्या युनिटांना वरचा दर. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क.

‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ मात्र नीट पाहावी. वीज बनवायला किंवा विकत घ्यायला ठरल्यापेक्षा जास्त खर्च आला की तो या ओळीतून ग्राहकांकडून वसूल होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात मागणी वाढली, कोळसा अपुरा पडला आणि महागडा आयात कोळसा मिसळावा लागला. अशी खरेदी होते एका महिन्यात आणि तिचे पैसे जातात पुढच्या महिन्यांच्या बिलांतून. रीडिंग न घेता सरासरी बिल येऊन नंतर एकदम मोठा आकडा आला, तर टप्प्यांचा फायदा तितक्या महिन्यांसाठी मिळाला आहे का, हे तपासून घ्यावे.

एकाच मीटरवर तीन-चार खोल्या भाड्याने दिलेल्या असतात तिथे सगळ्यांचा वापर एकत्र मोजला जातो. पंखा आणि दोन दिवे लावणारे कुटुंबही मग वरच्या टप्प्याच्या दराने पैसे मोजते.

कर्जाचा हप्ता

महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्याबरोबर गृहकर्जांचे व्याजही चढले. वीस लाखांचे वीस वर्षांचे गृहकर्ज ७ टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे १५,५०० रुपये पडतो, ९.५ टक्क्यांनी तो १८,६०० च्या पुढे जातो. अनेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, म्हणून ही वाढ कित्येकांच्या लक्षातही येत नाही.

मिळकत कुणाची वाढते

सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, निर्देशांकाला धरून वाढतो. ते योग्यच आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईला चारशे रुपये वाढवून मागायचे तर चार घरांत चार वेळा तोंड उघडावे लागते. कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेल्या कामगाराची स्थिती त्याहून बिकट. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले आणि त्यानंतरची दहा वर्षे ते तेवढेच राहिले. मार्च २०२३ मध्ये त्या हजारात एक टाकीसुद्धा येत नव्हती. ज्या औद्योगिक कामगार निर्देशांकावर सरकारी महागाई भत्ता मोजतात, तो केंद्र सरकारचे श्रम ब्युरो दर महिन्याला काढते. नावातच कामगार असलेला हा निर्देशांक निवृत्त कामगाराच्या पेन्शनलाही लागू करावा.