कंडक्टरची शिट्टी

वेंगुर्ल्याच्या स्थानकात एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. सुमारे ११ मीटर लांब गाडीच्या थेट पाठीमागची जागा बाजूच्या आरशांत दिसतच नाही. तिथे उभं असलेलं मूल चालकाला कळणार कसं? शिवाय वळणारी चाकं पुढे असतात, म्हणून मागे वळताना गाडीचं तोंड बाहेर फिरतं. बंदराच्या रस्त्यावर मासळीचा ट्रक मागे येत असेल, तर त्याच्या पुढच्या कोपऱ्यापाशीही थांबू नये.

ट्रकची ‘पीप-पीप’ ऐकू येते, पण कुठून ते पटकन उमगत नाही. दोन कानांत पोहोचणाऱ्या आवाजाच्या वेळेतला आणि जोरातला फरक ताडून मेंदू दिशा ठरवतो. एकाच सुरात ही खूण अपुरी पडते. म्हणून काही नव्या भोंग्यांत अनेक कंप्रतांचा, धबधब्यासारखा ‘खस्स-खस्स’ आवाज असतो.

कॅमेरा चांगलाच, पण आपल्या पावसात त्याच्या काचेवर चिखल बसतो. कंडक्टर मात्र आरशात दिसेल असा, बाजूला उभा राहतो. तो आरशातून दिसेनासा झाला, की चालकाने लगेच ब्रेक दाबायचा.