अक्षराची सुरक्षितता
‘अक्षर’ म्हणजे जे क्षरत नाही ते, अशी व्युत्पत्ती मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. संगणकाने तिला एक अट जोडली आहे. जुन्या मराठी सॉफ्टवेअरांत बहुतेक कंपन्यांनी देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर आपापल्या सोयीने बसविले होते. साहजिकच, तो विशिष्ट फाँट संगणकात नसेल तर ‘शाळा’ हा शब्द पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे होऊन उमटतो. मजकूर आपला, किल्ली मात्र कंपनीची!

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोची ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली आली; त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक जगभर एकच असतो, फाँट बदलला तरी अक्षर तेच राहते.

माहिती चोरीस जाऊ नये म्हणून आपण जपतो. ती उद्या वाचता येईल का, हा सुरक्षिततेचाच दुसरा प्रश्न होय. म्हणून माजी विद्यार्थ्यांस माझी विनंती आहे : शाळेच्या स्मरणिकांच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. तेव्हा मुद्रित प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावी आणि प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.