हेवा कोणाचा होता?

कळंबला एका निकाहच्या जेवणानंतर गप्पा रंगल्या होत्या. जुन्नर जवळच, त्यामुळे बहामनी वजीर महमूद गावान यांचे नाव निघाले. एका बुजुर्गांनी किस्सा सांगितला. सुलतान आपल्या लाडक्या वजिराच्या घरी गेला. तिथला थाट आपल्या महालाहून वरचढ पाहून त्याला हेवा वाटला आणि त्याने वजिराची गर्दन मारवली. ऐकणारे हळहळले. आम्ही विचारले, "चाचा, हे कुठे वाचलंत?" ते हसून म्हणाले, "वाचायचं काय बेटा, सगळेच सांगतात."

उत्तर मनाला पटले नाही. घरी येऊन फरिश्ता या इतिहासकाराचा वृत्तांत पाहिला. तिथे वेगळेच चित्र आहे. गावान यांच्या मृत्यूनंतर सुलतानाने त्यांचा खजिना तपासायला लावला, तेव्हा हाती फारसे काही लागले नाही. हा वजीर मातीच्या भांड्यांत जेवत असे, चटईवर झोपत असे, स्वतःचा खर्च स्वतःच्या व्यापारातून भागवत असे आणि उरलेले गरिबांना देत असे. मग महालाला लाजवणारा थाट आला कुठून?

हेवा होता, पण तो दरबारातल्या सरदारांचा. गावान यांनी चार मोठ्या प्रांतांचे आठ केले. दौलताबादचा प्रांत तोडून जुन्नरचा वेगळा प्रांत झाला, तो याच वेळी. प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या ताब्यात घेतले. ज्यांची सत्ता कापली गेली, ते सूड घ्यायला टपून बसले. त्यांनी गावान यांचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला बोलावणारे खोटे पत्र लिहिले. ते पत्र मुहम्मदशाह तिसरा याच्या हाती पडले, तेव्हा तो नशेत होता. गावान म्हणाले, शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही. सुलतानाने चौकशी केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या या वजिराला ठार करण्यात आले. सत्य कळल्यावर सुलतान पस्तावला आणि वर्षभरात तोही गेला.

या कटात मलिक हसन बहरी पुढे होता. त्याचाच मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये याच जुन्नरातून निजामशाही उभी केली.

फरिश्ताने हे सारे सव्वाशे वर्षांनंतर लिहिले. त्याचाही प्रत्येक शब्द डोळे झाकून मानू नये. पण त्याचे नाव आहे, ग्रंथ आहे, तो इतर साधनांशी ताडून पाहता येतो. गावान यांची स्वतःची फारसी पत्रे आजही उपलब्ध आहेत. बीदरचा त्यांचा मदरसा पडक्या अवस्थेत का होईना, उभा आहे. "सगळेच सांगतात" हे मात्र कशाशीच ताडता येत नाही.

आपल्या बुजुर्ग मुहद्दिसांनी हदीस स्वीकारण्याआधी सांगणाऱ्यांची साखळी तपासली. एकेका नावासाठी मैलोन्‌मैल प्रवास केला. सूरह हुजुरातची सहावी आयत तर स्पष्टच बजावते की, बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणावर तरी जुलूम कराल आणि मग पस्तावाल. गावान यांच्याबाबत नेमके हेच घडले.

चाचांचा किस्सा ऐकायला गोड आहे, पण तो एका साध्या राहणीच्या माणसाला ऐषारामी ठरवतो आणि खऱ्या कटवाल्यांना मोकळे सोडतो. आज असे किस्से मोबाइलवरून क्षणात घरोघरी पोहोचतात, कधी मृतांबद्दल, कधी शेजाऱ्याच्या सुनेबद्दल. पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारू या की हे कोणी सांगितले आणि त्याला कसे कळले? मुलांनाही हाच प्रश्न शिकवू या. उत्तर मिळाले नाही, तर किस्सा आपल्यापाशीच थांबवावा.