टर्बो पास्कलची बारा वर्षे

टर्बो पास्कलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८३ मध्ये बाजारात आली, त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. बोरलँड ही कॅलिफोर्नियातली नवखी कंपनी. तिने किंमत ठेवली ४९.९५ डॉलर, पर्सनल कॉम्प्युटरचे इतर कंपायलर तेव्हा शेकडो डॉलरना विकले जात. पास्कल भाषा निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये मांडली होती. मधली वर्षे बहुतांशी विद्यापीठांच्या वर्गांत गेली, त्यांत रेंगाळण्यासारखे फारसे नाही.

खरी कटकट घरच्या मशिनवर होती. प्रोग्रॅम एडिटरमध्ये लिहायचा, फ्लॉपीवर सेव्ह करायचा, एडिटर बंद करून कंपायलर चालवायचा, मग लिंकर. मधेच फ्लॉपी बदलायची. एखादा सेमिकोलन राहून गेला असला की सगळे पहिल्यापासून. अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाने एडिटर आणि कंपायलर चाळीस किलोबाइटांच्या आत एकत्र बसवले. प्रोग्रॅम मेमरीतच, एकाच फेरीत कंपाइल होई. पहिली चूक सापडताच काम थांबे आणि कर्सर नेमका चुकीच्या जागी जाऊन उभा राही. सुरू होतानाच टर्बो विचारी, चुकांचे संदेश मेमरीत घ्यायचे का? ‘नाही’ म्हटले तर दीडेक किलोबाइट वाचे, पण मग चुकीचा नुसता क्रमांक दिसे. अनेक गिगाबाइट अडवून बसणाऱ्या आजच्या साधनांपुढे ही काटकसर कोणालाही थट्टाच वाटेल.

उणिवाही होत्या. प्रोग्रॅमच्या कोडला ६४ किलोबाइटांची मर्यादा होती. ती १९८७ च्या चौथ्या आवृत्तीतल्या ‘युनिट’मुळे सुटली. १९८९ मध्ये साडेपाचव्या आवृत्तीत ऑब्जेक्ट आले. सातवी, १९९२ ची, डॉससाठी शेवटची ठरली. तोवर बोरलँडचे लक्ष भलतीकडे गेले होते. डीबेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या मोहापायी १९९१ मध्ये तिने तो बनवणारी ॲश्टन-टेट कंपनी विकत घेतली आणि ते लोढणे तिला चांगलेच जड गेले. संस्थापक फिलिप कान १९९५ च्या सुरुवातीला प्रमुखपदावरून पायउतार झाले. त्याच वर्षी बोरलँडचे पास्कलवरच आधारलेले डेल्फी आले आणि टर्बो पास्कलची गादी त्याच्याकडे गेली. पुढच्या वर्षी हेल्सबर्ग मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी सी-शार्प ही भाषा घडवली.

प्रोसेसर वेगवान झाले तसे टर्बो पास्कलमधले जुने प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडू लागले. त्यांतले सीआरटी युनिट मशिनचा वेग मोजताना भागाकार करी आणि उत्तर ठरलेल्या जागेत मावत नसे.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बोरलँडच्या टर्बो घराण्याची निळी स्क्रीन मात्र टर्बो सी++ च्या रूपाने २०१० नंतरही प्रॅक्टिकलला दिसत राहिली. ६४ बिट विंडोजवर ती चालेना, तेव्हा डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आधाराने चालवली गेली. तिच्यातली ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही हेडर फाइल सी++ च्या १९९८ च्या प्रमाणकात नाही. तरीही विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये पहिली ओळ तिचीच असे. चपळाई हा टर्बोचा मूळ गुण, पण प्रॅक्टिकलच्या वर्गात त्याच नावाने जपला गेला तो निव्वळ जुनेपणा.